पंपवाल्याचा पहिला पेला

पंपवाला म्हणजे वस्तीचा भरवशाचा माणूस. नव्या बोअरच्या पाण्याला कोणी तोंड लावेना, तेव्हा हाच सगळ्यांदेखत पेलाभर पाणी घटाघटा प्यायला होता. त्या गोष्टीला सात वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी रांगेतून हाक यायची, "भाऊ, आधी तू!" तो प्यायचा, मिशीवरून हात फिरवायचा, मगच व्हॉल्व्ह उघडायचा.

लग्नाला सहा वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. बायकोच्या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या, म्हणून शेवटी यानेही तपासायला रक्त दिलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचून चष्मा काढला.

"पुरुषांचं हार्मोन कमी आहे तुमचं. गुडघेही धरतात म्हणता, पाणी कुठलं पिता?"

"बोअरचंच."

"त्यात फ्लोराइड जास्त असेल तर हे हार्मोन घटू शकतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. तुमचं कारण तेच, असं छातीठोक सांगत नाही. पण पाणी तपासून घ्या. तोवर पिऊ नका."

"उकळून?"

"उकळून फ्लोराइड जात नाही."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "उद्यापासून तो पेला बंद."

"आणि का बंद, म्हणून विचारलं तर?"

"तपासणीचा अर्ज द्या. तुमच्याच सहीने जातो ना?"

"कारण लिहावं लागतं त्यात. काय लिहू? पंपवाल्यातच दम नाही?"

बायकोने पोळपाट बाजूला सारला. "सहा वर्षं वस्तीने माझ्या नावाने बोटं मोडली. तेव्हा कुणी कारण विचारलं नाही, आणि माझ्या तपासण्या चांगल्या निघाल्यात, हे तुम्हीही कुणाला सांगितलं नाहीत."

तो खाली मान घालून जेवला.

सकाळी रांग लागली. पेला भरून हातात, पण हात काही वर जाईना.

"काय भाऊ, नवरदेवासारखा लाजतोस काय?" शिंपीणकाकू ओरडली. तिचा नुकतं लग्न झालेला मुलगा बादली घेऊन शेजारीच हसत उभा. रांगेच्या टोकाला बायको होती, कळशी कमरेवर, नजर थेट याच्यावर.

तो प्यायला. एका दमात, नेहमीसारखा.

बायको वळली आणि चालू लागली.

"अरे, तुझी बायको रिकाम्या कळशीने का गेली?" काकूने विचारलं.

हसणं थांबलं. रांगेतली एकेक मान त्याच्याकडे वळली. व्हॉल्व्हच्या चाकावर त्याचे दोन्ही हात होते, नजर काकूच्या मुलाच्या बादलीवर, आणि ते चाक त्याला फिरवता येईना.