फोटो गेले नव्हते

आमच्या भावकीत वर्षभरापासून एक गोष्ट सांगितली जाते. माझ्या सुनेनं कॉम्प्युटरला हात लावला आणि माझ्या थोरल्या भावाचे सगळे फोटो उडाले. मग म्हाताऱ्यानं, म्हणजे मी, खटपट करून ते परत मिळवले. ही गोष्ट सुरू केली मीच. ती खरी नाही. फोटो कुठंही गेले नव्हते, आणि ते सापडले ते सुनेमुळे. एवढं लिहिलं की खरं तर काम संपतं. पण असं कसं झालं, हे सांगितल्याशिवाय कोणी विश्वास ठेवणार नाही.

माझी सगळी नोकरी वर्ध्यातल्या एका कार्यालयात फायली लावण्यात गेली. कोणती फाईल कोणत्या कपाटात, कितव्या फळीवर, हे माझ्या हाताला माहीत असायचं. नाव वाचायची गरज पडत नसे. निवृत्त झाल्यावर मुलानं घरी कॉम्प्युटर आणला, तेव्हा मी त्यातही तसंच घर मांडलं. खालच्या पट्टीवर पिवळ्या पाकिटाचं चित्र होतं. ते दाबलं की समोर सी आणि डी असे दोन कप्पे उभे राहत. सी मध्ये मी कधी गेलो नाही, ते मशीनचं. डी माझं. डी मध्ये 'गाव', गावात 'पांदण', पांदणीच्या आत 'विहीर', विहिरीच्या पुढं 'वांगेवाडी'. तळेगावला आमच्या घरून मळ्यात जायची जी पांदणीची वाट आहे, तीच मी आत घातली होती. दादा, माझे थोरले भाऊ, तिथं भाजीपाला करायचे. मी रविवारी एसटीनं जायचो, फोटो काढायचो, आणि जो फोटो जिथं काढला त्या जागी ठेवायचो. माझ्या दृष्टीनं हे इतकं सरळ होतं, की दुसरी पद्धत असू शकते हे मनातही आलं नाही.

फोटोंना नावं दिली नव्हती. कॅमेऱ्यानं दिलेले आकडे तसेच राहू दिले. आणि दादांचं नाव तर मी देणारच नव्हतो. आमच्याकडे थोरल्या भावाचं नाव तोंडानं घेत नाहीत. वडील गेल्यावर ते आमचे वडीलच झाले. त्यांचं नाव मी अर्जाबिर्जावर लिहिलं असेल तेवढंच. फोटोवर लिहायचं म्हणजे त्यांना हाक मारल्यासारखं वाटलं असतं.

दादा गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आधी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, भिंतीवर जो फोटो लावला हाय ना, तो ओळखपत्रावरचा मोठा केला पोरायनं. तोंड मिटून बसले हायेत. हा माणूस असा एक दिवस तरी बसला का? तुमच्यापाशी तो हाय ना, विहिरीवरचा, हासून राह्यले तो? तो आना."

मी म्हटलं, "आणतो वहिनी. तो कुठं आहे मला डोळे मिटून माहीत आहे."

त्या दिवसांत कॉम्प्युटर रोज कोपऱ्यात एक पाटी दाखवायचा. नवीन अपडेट आलं आहे, आता करायचं की नंतर? मी रोज 'नंतर' दाबायचो. एका दुपारी जेवण झालं होतं, डोळ्यावर झापड होती, आणि त्या पाटीचा कंटाळा आला होता. मी 'आता' दाबलं आणि जाऊन आडवा झालो. हे मला पुढं कितीतरी दिवस आठवलंच नाही. आठवलं तेव्हा मी ते बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून शाळेत जाण्याआधी कॉम्प्युटरवर बसली. ती शाळेत शिकवते, तिला प्रश्नपत्रिका छापायची होती. ती गेल्यावर मी बसलो. पिवळं पाकीट पट्टीच्या टोकाला असायचं ते मधोमध सरकलं होतं. दाबलं, तर सी नाही, डी नाही. वीजबिल, सुनेची प्रश्नपत्रिका, मुलाचं कसलंसं पत्र, जे काही अलीकडे कोणी उघडलं होतं ते एकाखाली एक. डावीकडची माझी यादी आकसून बसली होती. 'फोटो' लिहिलेल्या ठिकाणी गेलो, तर तिथं पुतण्याच्या लग्नातले फोटो आणि कोणाकोणाच्या 'शुभ सकाळ'चे चहाचे पेले. वर शोधायची चौकट होती. त्यात काय लिहू? विहीर ही माझ्यासाठी जागा होती, ती शोधायला जायची असते, ते नाव आहे हे सुचलंच नाही. शेवटी मन घट्ट करून दादांचं नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नावानं शोधलं. उत्तर आलं, काहीही सापडलं नाही.

उजवं बटण दाबलं तर जिथं शब्द होते तिथं बारीक चित्रं आली होती. कात्री, दोन कागद, कचऱ्याची पेटी. कचऱ्याची पेटी पाहून मी माऊस सोडला. मी मशीन तसंच चालू ठेवून उठलो. सत्तरी ओलांडल्यावर माणूस नवीन काही शिकत नाही असं नाही. पण जे येत होतं तेच पुन्हा शिकायचं म्हटलं की अंगातली ताकदच निघून जाते. घरातला रांजण, खुंटी, दाराची कडी कोणी रात्रीतून हलवली, तर कोणाला सांगणार?

मी सांगितलं सुनेला. ती दमून आली होती, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती.

"तू काय केलं सकाळी?"

"कशाचं, बाबा?"

"कॉम्प्युटरचं. माझं सगळं गेलं."

"मी फक्त पेपर छापला."

"फक्त छापला तर डी कुठं गेला?"

ती पाहायला बसली, तर मी म्हटलं, "आता हात लावू नकोस." ती उठली. हे वाक्य मला आजही ऐकू येतं. मी ते मोठ्यानं बोललो नव्हतो. मोठ्यानं बोललो असतो तर बरं झालं असतं, ती चिडली तरी असती.

वर्षश्राद्धाला मी रिकाम्या हातानं तळेगावला गेलो. सून आणि मुलगा सोबत होते. पंगत बसली होती. वहिनींनी वाढता वाढता विचारलं, "भाऊजी, फोटो?" सगळे ऐकत होते. मला माझी लाज झाकायची होती. मी म्हटलं, "काय सांगू वहिनी, सुनेनं कॉम्प्युटरले हात लावला, सगळं साफ झालं."

मग माझी धाकटी बहीण, जी जाम गावात दिली आहे, ती म्हणाली, "बाई व! आख्खा मानूस पुसून टाकला का?" दोघंतिघं हसले. सून पलीकडच्या ओळीत वाढत होती. तिच्या हातात वरणाचं भांडं होतं. तिनं पुढच्या पानावर वरण वाढलं आणि पुढं गेली.

त्यानंतरच्या एका रविवारी मी कॉम्प्युटरसमोर नुसता बसलो होतो. सून मागं येऊन उभी राहिली. "हात लावू का?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं डावीकडची यादी खाली सरकवली, एका बारीक बाणावर दाबलं आणि ती यादी उलगडली. डी तिथंच होता. तिनं दाबलं. गाव. पांदण. विहीर. सगळं जागच्या जागी.

"बाबा, हे कुठंच गेलं नव्हतं. फक्त उघडायची जागा बदलली. अपडेट झालं ना, त्यात."

अपडेट हा शब्द तिनं उच्चारला आणि मला ती दुपार आठवली, ती पाटी, आणि 'आता' दाबणारं माझं बोट. मी म्हणालो, "अस्सं." तेवढंच. समोर दादा विहिरीच्या काठावर बसून हसत होते, पाय भिजलेले, मांडीवर वांग्यांची टोपली. सून आत निघून गेली.

फोटो मी वहिनींना पाठवला. खाली लिहिलं, 'सापडला.' कोणाला, कसा, काही नाही. गावात त्याचा अर्थ गावाला हवा तसा झाला. पुतण्याचा फोन आला, "काका, मानलं तुमाले! या वयात गेलेले फोटो वापस आनले." मी खरं सांगू शकलो असतो. मी म्हटलं, "बसलो थोडा." कौतुक झालं की म्हातारपणी जरा उभारी येते. ती मी चोरून घेतली, असंच म्हणावं लागेल.

पुढं एका लग्नात माझ्या बहिणीनं सगळ्या बायकांसमोर सुनेला म्हटलं, "येजो, बस इथं. पन माया मोबाईल दूर ठेवतो व बाप्पा, तुया हाताचा भरोसा नाई." हे मला मुलानं सांगितलं. सुनेनं काहीच सांगितलं नाही. ती फक्त गावाला येईनाशी झाली. संक्रांतीला शाळा, पोळ्याला परीक्षा. मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, तिले सुट्टी नसते असं नाई. तुम्हाले समजते ना?" मला समजत होतं.

मग मी एकटा तळेगावला गेलो. वहिनी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. आत भिंतीवर दादा हसत होते. मी सगळं सांगितलं, पाटी मीच दाबली इथपासून. त्या शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मले सांगून काय फायदा?"

"मग कोणाला सांगू?"

"जिथं बोलले तिथं. पंगतीत बोलले ना? मंग पंगतीतच वापस घ्या. मी घरोघरी सांगत फिरू काय, का आमचे भाऊजी खोटं बोलले म्हनून?" आणि थोड्या वेळानं, "काऊन केलं असं? पोरगी चांगली हाय."



हिवाळ्यात आमच्या भावकीचे रोडगे होतात. मळ्यातल्या देवापाशी गोवऱ्या पेटवून कणकेचे गोळे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, आणि सगळ्यांनी मातीतच बसून जेवायचं. या वर्षी मी पंगत बसल्यावर उभा राहिलो. लोकांना वाटलं, म्हातारा देवाचं काही बोलतो आहे, म्हणून दोघांनी टोप्या सारख्या केल्या. मी म्हटलं, माझ्या सुनेनं फोटो घालवले असं मी मागं बोललो, ते खोटं होतं. बटण मी दाबलं. फोटो गेले नव्हते. शोधून तिनं दिले.

मग एक चुलतभाऊ म्हणाला, "बस ना बाबू, रोडगा थंडा होऊन राह्यला. कोनाले आठवते ते!" दुसरा म्हणाला, "आमी तं केवाच विसरलो." पुतण्या हसून म्हणाला, "म्हंजे काका, तुमाले काईच येत नाई तं!" सगळे हसले, मीही हसलो. मी बसलो. भाजी चांगली झाली होती, पानात ती तशीच राहिली. ज्यांना आठवत नाही असं म्हणत होते, त्यांच्याच घरी ती गोष्ट वर्षभर फिरली होती. आणि जिच्यासाठी हे चाललं होतं, ती वर्ध्याला होती.

घरी आलो तेव्हा ती मेथी निवडत होती. मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि सांगितलं. पंगतीत काय बोललो, तेच शब्द. ते अपडेट मीच केलं होतं, हेही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी सकाळी कॉम्प्युटर लावला तेव्हाच पट्टी बदललेली होती. मला वाटलं, तुम्ही म्हणाल."

मेथीच्या काड्यांचा ढीग बाजूला सारून तिनं विचारलं, "आत्याबाई होत्या का तिथं?"

माझी बहीण आली नव्हती. तिचे गुडघे दुखतात, रोडग्यांना ती आता येत नाही. मी तसं सांगितलं. सुनेनं दुसरी जुडी सोडली.

मी फोन काढला. बहिणीचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला, सुनेलाही ऐकू येईल असा. बहिणीला पुन्हा सगळं सांगितलं. सांगून सांगून आता ते वाक्य माझ्या तोंडात गुळगुळीत झालं होतं, त्याचीही शरम वाटली. बहीण म्हणाली,

"मंग आता मी काय तिच्या पाया पडू?"

"पाया पडू नकोस. ती इथंच आहे. बोल."

तिकडून जामच्या चौकातल्या ट्रकांचा आवाज येत होता. मग बहिणीनं घसा साफ केला.

"सूनबाई, हाय का तू?"

सुनेनं हात पदराला पुसले. "आहे. बोला आत्याबाई."

"मी मजाकीत बोलली होती व."

"हो."

"मले काय मालूम हा असा हाय म्हनून. येजो ना एखाद्या दिवशी जामले."

सून माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पाहीन."