कच्च्याचा आकडा

माझी मुलगी मुग्धा सहा महिन्यांपासून वजन कमी करत होती. ओट्यावर तिने छोटा वजनकाटा आणून ठेवला होता. रोज शिजलेला भात त्यावर मोजून घ्यायची आणि त्याच्या कॅलरी मोबाईलमध्ये लिहायची. किती शिस्तीची पोर, म्हणून मला कौतुकच वाटायचं.

परवा ती केस पुसत पाठमोरी उभी होती. कुर्त्याच्या गळ्यातून मानेखालचे मणके एकेक वेगळे दिसत होते. जेवायला बसलो तेव्हा मी तिचा मोबाईल मागून घेतला. भातापुढे लिहिलेला कॅलरींचा आकडा तेवढ्याच वजनाच्या कच्च्या तांदळाचा होता. तांदूळ शिजताना पाणी पिऊन जवळजवळ तिप्पट होतो. म्हणजे ती जेवढं लिहीत होती, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा तिच्या पोटात जात होता.

"अगं, चुकलंय तुझं!" मी म्हणाले. साधी चूकच सापडली, या विचाराने मला हायसं वाटलं होतं. "हा कच्च्याचा आकडा आहे. तिप्पट भात घ्यायला हवा होता तू."

"माहीत आहे, आई," ती शांतपणे म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

भूक रिकाम्या घरात असते, असं आपण धरून चालतो. इथे तांदळाचा डबा भरलेला होता, आणि रोज माझ्यासमोर पानावर बसून माझं लेकरू उपाशी उठत होतं. मी फक्त "जेवलीस ना?" एवढंच विचारत होते.

मी तिचा हात उचलून धरला. मनगटातली बांगडी घसरत थेट कोपरापर्यंत गेली.