आईचं गाणं आणि माझे ओहम

आमच्या घरात तीन महिने फक्त ओहमवर चर्चा झाली. मुलुंडच्या आमच्या कॉलनीचं वार्षिक संमेलन होतं आणि आई लग्नानंतर प्रथमच चार लोकांसमोर गाणार होती. मधली चोवीस वर्षं तिने कुकरच्या शिट्ट्यांवर ताना घेतल्या होत्या. मंडपवाल्याचा कर्णा तिच्या आवाजाला शोभणार नाही, असं ठरवून मी जुन्या रेडिओत असतात तशा काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच बांधायला घेतला (डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे सर्वज्ञच).

त्याचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे एक मामा साकीनाक्याला होते. त्यांनी विचारलं, "व्हॉल्व्हवर लोड किती ठेवू? पाच हजार ओहम की साडेतीन?"

पुस्तकाप्रमाणे पाच हजाराला आवाज गोड पण बेताचा, साडेतीनला मोठा पण किंचित फाटका. मी आईलाच विचारलं.

"गोडाचं मी बघते. तू मागच्या खुर्चीपर्यंत पोचव," ती म्हणाली. तिला तीच धास्ती होती. आवाज पोचला नाही, तर लोक शेंगदाणे खात गप्पा मारणार.

तरी मी तीनदा मत बदललं. चौथ्या खेपेला मामा म्हणाले, "भाऊ, ट्रान्सफॉर्मर बनवतोयस की लग्न जुळवतोयस?" शेवटी साडेतीन ठरलं.

संमेलनात अध्यक्षांचं भाषण झकास ऐकू आलं. मी खुशीत चहाला गेलो. आता बाबांचा एक नियम होता: टेबलफॅन तासभर चालला की दहा मिनिटं विश्रांती. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरला हात लावून पाहिला, तर गरम! बंद केला तर मी ओरडेन, म्हणून त्यांनी नुसती स्पीकरची वायर काढून ठेवली. (स्पीकरशिवाय चालवला तर ट्रान्सफॉर्मर जळतो, हे पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. मी ते घरात कोणालाही सांगितलं नव्हतं.)

आईने सूर लावला. स्पीकर गप्प. मी धावत येऊन आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. दूध करपावं तसा वास आला.

"बाबा, वायर?"

"काढली. तापला होता रे बिचारा."

वाट लागली होती. आईने माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली. तिने क्षणभर डोळे मिटले आणि माइक तसाच समोर ठेवून मोकळ्या गळ्याने गायला लागली. शेंगदाण्यांच्या पुड्या थांबल्या. आई इतकं सुंदर गाते हे मला माहीतच नव्हतं. माझे डोळे भरून आले (थोडा धूरही होता). व्हॉल्व्ह मात्र मंद तेवत होते, त्यामुळे लांबून सगळं ठीक दिसत होतं.

गाणं संपल्यावर शेवटच्या रांगेतून सेक्रेटरीकाका आले. "काय आवाज आला रे! वहिनी अगदी शेजारी बसून गातायत असं वाटलं. कसली मशीन बनवलीस!"

आई नारळ हातात घेऊन बाजूलाच उभी होती.

"लोड निवडताना फार विचार करावा लागतो, काका," मी नम्रपणे म्हणालो.