वापस मांगून राह्यली काय?

अल्लीपूरच्या त्या बाई मी नर्स असलेल्या वॉर्डात यायच्या त्या भांडतच. धाकट्या भावाला त्यांनी आपली किडनी दिली होती. ती टिकावी म्हणून घेतलेल्या गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती दबली, आत लपलेला विषाणू माजला आणि लसिका ग्रंथींचा कॅन्सर झाला. मानेत गाठी आल्या.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या कमी करू. गाठी विरतील कदाचित, पण किडनी जाऊ शकते."

"नाई," भाऊ म्हणाला. "अक्काची किडनी वाया नाई जाऊ देनार."

बाईंनी गोळ्यांची बाटली हिसकून माझ्या ट्रेमध्ये आदळली. "जगाले देली होती तुले, सांभाळाले नाई! तूच नाई राह्यला त तिचं काय लोणचं घालू?"

गाठी विरल्या. किडनी मात्र गेली. डायलिसिसच्या खाटेवर भाऊ तोंड लपवून रडू लागला, तशा बाई अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "काऊन रडून राह्यला? मी वापस मांगून राह्यली काय?"