काकडं फेकून दिलेली शेवळं

हौसाआत्या गेली हे मला माझ्या भावजयीनं, रुपालीनं, फोन करून कळवलं. सकाळचे सात वाजले होते. "ताई, आत्या गेल्या. झोपेतच." मी शहापूरला, माझ्या घरी, डबा भरत होते. काही बोलायच्या आत तिचं पुढचं वाक्य आलं, "त्यांची रेसिपीची वही तुमच्याकडे आहे का?" आत्या तेव्हा अजून अंथरुणावरच होती... मी त्या क्षणी ठरवलं, ही बाई सुटता कामा नये. दोन महिने होत आले, राग तसूभर कमी झालेला नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना असलं काही लिहायचं नसतं, हे मला ठाऊक आहे.

वही नव्हतीच. आत्याला सहीपुरतं लिहिता यायचं. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण आटगावला दिलेली, चार वर्षांत विधवा होऊन माघारी आली आणि मुरबाडजवळच्या माझ्या माहेरच्या घरात मागच्या पडवीत राहिली. परसात अळू, मिरच्या, आंबाडी, कढीपत्ता लावलेला, बाकीचं बाजारातून. वैशाखात करवंदं आली की हिरवी मिरची, लसूण आणि गुळाचा खडा घालून पाट्यावर चटणी. कैरी कांद्याबरोबर किसून वर कडकडीत फोडणी. थंडीत टोमॅटो निखाऱ्यावर भाजायचा, साल काढायची आणि नुसत्या मीठ-मिरचीनं चुरडायचा. भाकरीबरोबर दुसरं काही लागत नसे. चार जिन्नसांच्या वर तिची चटणी कधी गेली नाही. "लय घातलं का मूळ चव मरते गो," म्हणायची. आणि मोसम संपला की संपला. पौषात, म्हसाच्या जत्रेच्या दिवसांत, कुणी करवंदाची चटणी मागितली तर सरळ सांगायची, "झाडाला इचारून या."

आठ वर्षांपूर्वी माझ्या भावानं शेतावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. मुंबईचे लोक येऊ लागले, पाट्यावरची चटणी खाऊन बोटं चाटू लागले. मग दारात बोर्ड लागला. त्यावर नऊवारीतली रुपाली आणि खाली 'माझ्या आजीच्या हातची चव'. रुपाली पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. तिची आजी मी पाहिलेली आहे, त्या बाई शेंगदाण्याच्या कुटापलीकडे काही जाणत नव्हत्या. एकदा पाहुण्यांनी हट्टच धरला, चटणी करणाऱ्या आजींना भेटायचं. मी तिथंच होते. आत्यानं पदर सारखा केला, उठलीसुद्धा. रुपाली दारात आडवी आली. "आत्या, तुम्ही बसा, दमला असाल," म्हणाली आणि स्वतः बाहेर जाऊन हसत उभी राहिली. आत्या परत पाट्याशी बसली. नंतर मी विचारलं, "तू काहीच कशी बोलली नाहीस?" तिनं वर न बघता उत्तर दिलं, "तू तरी कुठं बोलली गो? असू दे. टाइम आला का कळंल तिला."

तो टाइम या जेठात आला. शेवळं ही आमच्याकडची पंधरा-वीस दिवसांची रानभाजी. चिरताना आतला पिवळा भाग काढायचा आणि शिजवताना काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा. काकडं म्हणजे आवळ्याएवढी हिरवी, आंबट फळं. ती नसतील तर घसा असा खाजतो की माणूस रडकुंडीला येतो. बाजारात विकणाऱ्या बाया जुडीबरोबर काकडं आपणहून देतात, घाला म्हणून सांगतसुद्धा नाहीत, कारण आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुपारी रुपालीचा फोन. "ताई, मी शेवळं केली होती. सगळ्या पाहुण्यांचे घसे खाजतायत, एक काका तर ओरडतायत. काय चुकलं?"

"भाजीबरोबर बाईनं काही दिलं होतं का?"

"हो, कसली तरी हिरवी फळं. कच्ची होती, फेकून दिली."

मी फोन बाजूला धरून हसले. खोटं कशाला बोलू, आत्या गेल्यापासून पहिल्यांदा हसले. मग त्या पाहुण्यांची दया आली. त्यांना कोकम सरबत दे, चिंच चोखायला दे, असं सांगितलं. आणि फेकलंस त्यातच सगळं होतं, हेही सांगितलं. आठ वर्षं पाहुण्यांना दाखवायला आत्याचे व्हिडिओ काढलेस, एकदा तरी विचारायचंस... मग रुपाली म्हणाली, "ताई, तुम्ही येऊन शिकवाल का? चटण्यासुद्धा?"

मी याच वाक्याची वाट बघत होते. म्हटलं, "येईन. आधी बोर्डावरून तू उतर आणि आत्याला चढव. फोटो आणि पूर्ण नाव."

"लावते," ती म्हणाली. "आत्यांचा फोटो पाठवाल?"

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी घरातले सगळे अल्बम काढले. माझ्या लग्नाचा अख्खा चाळला. त्यात बँडवाला आहे, मांडवातलं कुत्रं आहे, आत्या नाही. ती मांडवामागं चुलीपाशी होती आणि फोटोसाठी तिला हाक मारायचं मला सुचलं नव्हतं. शेवटी रुपालीनंच एक व्हिडिओ पाठवला. त्यात वरवंटा ओढणारे दोन हात, कोपरापर्यंत, उजव्यावर गोंदलेली तुळस. चेहरा, बाकीच्या व्हिडिओंसारखाच, चौकटीच्या बाहेर. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघते.

मी तिला कळवलं आहे, हेच हात लाव. त्याखाली आत्याचं नाव लिही, आणि नावाखाली, 'हिचा चेहरा आम्ही कुणीच टिपला नाही.' रुपालीला नाव चालतं, ते वाक्य चालत नाही. पाहुणे काय म्हणतील, म्हणते. मी म्हटलं, त्यातल्या 'आम्ही'मध्ये मीही आहे. मला चालतं, तर तुला का नाही? नवा बोर्ड अजून लागलेला नाही, मीही गेलेले नाही. तोवर तिथं पाहुण्यांना पनीर वाढतात, असं ऐकते.