विजूताई आणि लादीवरची घोडी

घोडा समोर आला की माणसं त्याच्या तोंडाकडे बघतात, मान थोपटतात, फोटो काढतात. विजूताई करंदीकर आधी खाली बघायच्या. कमरेवर हात ठेवून एकदा "आई गं" म्हणायच्या, वाकायच्या आणि पुढचा पाय उचलून खूर बघायच्या. तो बघून झाल्याशिवाय त्या मालकाशी बोलत नसत, आणि बघून झाल्यावर मालकाला त्यांच्याशी बोलावंसं वाटत नसे.

आमची ओळखही अशीच झाली. माझ्या पुतण्याचं लग्न होतं. मारुतीच्या देवळातून नवरदेव घोडीवर बसून कार्यालयाकडे निघाला होता, बँड कानठळ्या बसवत होता, आणि भाजीची पिशवी घेतलेल्या, साठी उलटलेल्या एक बाई रस्ता ओलांडून सरळ घोडीच्या पुढ्यात आल्या. पिशवी माझ्या हातात दिली, माझ्याच का, ते मला आजही ठाऊक नाही. पाय उचलून बघितला आणि नवरदेवाला म्हणाल्या, "उतर बाळा. हिला पाय टेकवत नाहीये." पुतण्या निमूट उतरला. घोडीवाला तोंडाला येईल ते बोलला, वहिनींनी अपशकुन झाला म्हणून डोळ्याला पदर लावला, आणि नवरदेव चालत मांडवात पोचला. पुढच्या आठवड्यात त्या बाई पनवेल कोर्टासमोरच्या माझ्या ऑफिसात आल्या. माफी मागायला आल्या असतील असं मला वाटलं. त्यांना वकील हवा होता.

विमा कचेरीतली नोकरी संपली होती, नवरा गेला होता, मुलगी पुण्यात होती. चिरनेरच्या रस्त्याला कुणाची तरी पडीक जागा भाड्याने घेऊन त्यांनी पत्र्याची शेड उभी केली होती. वरातीत झिजलेल्या घोड्या, किनाऱ्यावरच्या शर्यतीत पाय मोडलेले घोडे, पर्यटकांना फिरवून फिरवून पाठीला जखमा झालेली तट्टं, असा सगळा गोतावळा तिथे जमलेला. तिथलं काम उरकून त्या कार्यालयांच्या मॅनेजरांना, जत्रेच्या कमिट्यांना, सरपंचांना भेटत. घोडा वापरू नका आणि वापरलात तर निदान असा वापरू नका, एवढंच सांगत. लोक चहा देत आणि हो म्हणत. पुढच्या मुहूर्ताला तीच लंगडी घोडी उभी असे.

"दमले हो वकील," हा त्यांचा नमस्कार होता. दारात आल्या की आधी हे वाक्य, मग चपला काढणं. एकदा वैतागून मी म्हटलं, दमलात तर थांबा की. तर म्हणाल्या, "दमले हे सांगायचं असतं. सांगितलं की तेवढ्यापुरतं हलकं वाटतं. थांबायचं कुणी म्हटलं?" त्यांच्याकडे बघून मलाच थकवा यायचा. हे मी प्रेमाने म्हणतो आहे असं समजू नये, खरोखर यायचा.

सुरुवातीला आम्ही रीतसर तक्रारी केल्या. एक घोडा जप्तही झाला. मालक कोर्टात आला, पोटाचं एवढंच साधन आहे म्हणाला, आणि निकाल लागेपर्यंत घोडा त्याच्याच ताब्यात गेला. पुढची तारीख पडायच्या आत घोडा मेला. मी कायदा समजावू लागलो तेव्हा विजूताई चिडल्या नाहीत. "तुमचं बरोबर आहे. पण तारखेपर्यंत त्याला जगवायचं कुणी?" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून त्यांनी कोर्ट शेवटी ठेवलं. मालकाच्या ओटीवर जाऊन बसायचं, चहा प्यायचा, घरातल्यांची चौकशी करायची, आणि तो कंटाळून घोडा देईपर्यंत जातच राहायचं, ही त्यांची नवी पद्धत झाली. आमचं घोड्यावर फार प्रेम आहे, असं प्रत्येक मालक सांगे. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "प्रेम दिसतंय. पाणी कुठं आहे?"

दामू पाटलाकडे मात्र हे उत्तर चाललं नाही, कारण तिथे पाणी होतं. पाणीच काय, घोडीच्या डोक्यावर पंखा होता. दामूच्या घराण्याचा जन्म मिठागरात गेला. मग प्रकल्पात जमीन गेली, पैसा आला, तीन मजली घर झालं. थोरल्या मुलाच्या हळदीला त्याने पांढरीशुभ्र घोडी विकत आणली आणि नंतर घराखालच्या पार्किंगमध्ये, गुळगुळीत लाद्यांवर बांधली. रोज धुवायचा. गूळ, पाव, हरभरा, जे मागेल ते द्यायचा. फिरवायला कुणाला वेळ नव्हता. खूर वाढून पुढे वळले होते आणि घोडी पुढच्या पायांवरचा भार मागे घेऊन, आखडून उभी राहायची. गोडधोड खाऊन एका जागी उभ्या राहिलेल्या घोड्याच्या खुरात सूज येते आणि आतलं हाड हळूहळू खाली सरकतं, हे विजूताईंनी त्याला समजावलं. हिला मऊ मातीत, चिखलात उभी करा, म्हणाल्या.

दामूला ते लागलं. "बापाचे पाय मिठानं फुटलं, ताई. आमचा जलम चिखलान गेला. हिला मी चिखलान नाय उभी करनार."

विजूताईंनी हातातला खूर खाली ठेवला आणि त्या निघाल्या. परतताना रिक्षात म्हणाल्या, "दुष्ट माणूस बरा हो. त्याच्याशी भांडता येतं." तरी त्या जात राहिल्या. गूळ बंद करवला, नालबंद नेऊन खूर कापून घेतले. लाद्या मात्र दामूने सोडल्या नाहीत. शेवटी एके सकाळी घोडी बसली ती उठेना, तेव्हा त्याने स्वतःच फोन करून टेम्पो बोलावला आणि तिला शेडवर आणलं.

उशीर झाला होता. डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढला. हाड खुराचा तळ फोडून बाहेर आलं होतं. आता इंजेक्शन देऊन सोडवणं एवढंच हातात आहे, असं ते म्हणाले. दामू उसळला. घरची लक्ष्मी मारायला दिली नाही, औषध करा, म्हणून निघून गेला आणि फोन घेईना. मालकाच्या संमतीशिवाय हात लावू नका, असं मीच विजूताईंना बजावलं होतं. सल्ला बरोबर होता, आणि त्या बरोबर सल्ल्यापायी घोडी कण्हत पडून होती. वेदनेचं औषधही तिला पुरत नव्हतं. विजूताई तिच्या डोक्याशी बसून राहिल्या. त्या दिवसांत त्यांनी "दमले" म्हणणं बंद केलं होतं, आणि मला त्याचीच भीती वाटली.

मग त्या उठल्या आणि मला घेऊन दामूकडे गेल्या. तो ओटीवर बसला होता. चहा नको म्हणाल्या, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"दामूदादा, आजवर मी दारोदार घोडे मागितले ते जगवायला. आज तुमच्याकडे हिचं मरण मागायला आले आहे. असं मागायची मला सवय नाही. नाही म्हणू नका."

दामूने रिकाम्या लाद्यांकडे एकदा बघितलं. मग आत गेला, सदरा घालून आला आणि गाडीत बसला.

शेडवर विजूताईंनी त्याला घोडीचं डोकं मांडीवर घ्यायला सांगितलं. तुमचा हात तिच्या ओळखीचा आहे, म्हणाल्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. घोडीची मान सैल झाली तेव्हा दामूची पँट चिखलाने भरली होती. त्याने वर बघून विचारलं, "ताई, माझ्यामुलं गेली क ही?"

मी मनातल्या मनात म्हणत होतो, नाही म्हणा. तुमच्या नशिबात नव्हती म्हणा, काहीही म्हणा.

"हो," विजूताई म्हणाल्या. "तुमच्यामुळं गेली." आणि त्याच्या शेजारी, त्याच चिखलात, मोठ्या कष्टाने खाली बसल्या. दामू रडायचा थांबेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. उठताना त्यांना आम्ही दोघांनी धरून उठवलं.

परतताना मी बोललोच. एक खोटा शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं, तो माणूस मोडलाय. त्यांनी डोळे मिटूनच उत्तर दिलं, "वर्षभरात दुसरी आणून तिथंच बांधली असती त्यानं. आणि तेवढ्याच प्रेमानं."

यंदाच्या थंडीत विजूताई गेल्या. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि मला त्यात काही नवं वाटलं नाही. राहिलेल्या घोड्यांची व्यवस्था त्यांनी आधीच घाटावरच्या एका संस्थेत लावून ठेवली होती. शेड उतरवली गेली. घोड्यांसाठी अजूनही फोन येतात, ते आता मला येतात. मी ऐकून घेतो, कायदा सांगतो आणि फोन ठेवतो. माझं वय झालं आहे आणि ओटीवर बसण्याची चिकाटी माझ्यात कधीच नव्हती.

दहाव्याला पुण्याहून मुलगी आली होती. मंडळी निघाल्यावर दामू माझ्याजवळ आला. त्याच्या चुलतभावाच्या मुलाने लग्नासाठी घोडी आणली होती आणि लग्न होऊन गेलं तरी ती लाद्यांवरच बांधलेली होती. पोरगा ऐकत नाही, म्हणाला. तुम्ही या.

मी म्हटलं, "अरे, मी जाऊन काय सांगू? ताई होत्या तेव्हा गोष्ट वेगळी होती."

"तुमी निस्ता बसा, वकीलसायेब. कायद्याचं इचारलं तर सांगा." दामूने पायात चपला सरकवल्या. "बाकी मी सांगन त्याला. माझी मी कशी मारली, ता सांगन."