चौदा आले, सहा कुठे?

माझी मावशी दवाखान्यात गुडघे मोजायची. बावीस वर्षं तेच काम. पाय दुमडायला सांगायचं, कोनमापक लावायचं, गुडघा किती अंश वाकतो तो आकडा लिहायचा. माणशी एकच कार्ड. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. “माणसाची तुलना त्याच्याशीच करायची, शेजाऱ्याशी नाही,” म्हणायची, आणि कार्डांना कुणी हात लावला तर अंगावर यायची.

मोठ्या डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी नवं यंत्र आणलं. वीस रुग्ण, सहा आठवडे. गुण आला की व्यायाम बंद करून सगळ्यांना यंत्रच लावायचं ठरलं होतं. त्या विसांत माझी आईही होती. मावशीनंच तिला आग्रह करून पाठवलं होतं.

नंतरची मापं डॉक्टरांच्या माणसांनीच घेतली, आणि निकाल लागला. आधीची सरासरी ऐंशी अंश, नंतरची ब्याण्णव. डॉक्टर हवेत.

मावशीनं कार्डं चाळली आणि तिचं डोकं फिरलं. ‘आधी’त वीस जण, ‘नंतर’मध्ये चौदाच! सहा जणांची उजवी बाजू कोरी, तरी त्या दीडशहाण्यांनी आधीची सरासरी विसांची काढलेली. तिनं चौदांच्याच जोड्या लावल्या. कुणाचे दोन अंश वाढलेले, कुणाचे तीन घटलेले. आधीही ब्याण्णव, नंतरही ब्याण्णव. फायदा शून्य.

आणि ते सहा का आले नाहीत? गुडघ्यांची खोली वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही! ज्यांचे गुडघे आणखी आखडले, त्यांनी जिना चढायचा कसा? आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

मावशी कोनमापक पिशवीत टाकून सहाही घरी गेली. शेवटी आमच्याकडे. आईचे आधी पंचावन्न होते. मावशीनं तीनदा मोजलं. चाळीस.

“ताई, बोलली का नाहीस?”

“तुझ्या शब्दावर गेले होते गं. तुला कसं सांगणार?”

मावशीनं रागानं कोनमापक पिशवीत कोंबलं. निम्मा राग स्वतःवरच होता.

दुसऱ्या दिवशी तिनं सहा कार्डं डॉक्टरांच्या टेबलावर आपटली. सहाही जणांचे अंश घटलेले.

डॉक्टरांनी बघितलंसुद्धा नाही. “बाई, घरी घेतलेली मापं धरता येत नाहीत. त्यांना वर पाठवा.”

“वर? सहाही जणांना गाडी करून आणलंय मी, खाली बाकावर बसलेत. तुमचे गुडघे धड आहेत ना? मग उतरा!”

खाली जिन्याजवळ आईशेजारी बसून मी हे सगळं ऐकत होतो. थोड्या वेळानं जिन्यावर बूट वाजले.